विश्वाची खातेवही

विश्व प्रसरण पावत आहे ही गोष्ट आतां शाळेंतील मुलगाही घरांत सांगतो आणि आजोबा ती मान डोलावून ऐकून घेतात. परंतु त्याच विश्वांत दुसरी एक उलट दिशेची घडामोड चालू आहे आणि तिजविषयीं बोलणें क्वचितच निघतें. एकीकडे सर्व कांहीं एकमेकांपासून दूर जात असतां दुसरीकडे ठिकठिकाणीं द्रव्य गोळा होत आहे. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधि ताऱ्यांच्या वसाहती, एकमेकींकडे ओढल्या जात आहेत. त्यांचे समूह बनत आहेत आणि समूहांचे महासमूह. विरजलेलें दूध हळूहळू धरूं लागावें तसा हा प्रकार आहे. ही गांठ धरण्याची क्रिया किती वेगानें चालली आहे, हें मोजण्याच्या खटाटोपाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. वरवर पाहतां हा खटाटोप निरुपद्रवी दिसतो; पण त्याच्या उत्तरावर आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची पत लागून राहिलेली आहे. १९१५ सालचा हा सिद्धांत सूर्यमालेंत आणि जोडताऱ्यांत कसोटीस पुरा उतरला. कोट्यवधि प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यावरही त्याचाच अंमल चालतो कीं नाहीं, हें मात्र सूर्यमालेंत बसून कळणारें नव्हे.

वही उघडावयाची म्हणजे प्रथम मागील शिल्लक पाहिली पाहिजे. विश्वाचें वय सुमारें १,३८० कोटि वर्षें. तें अवघें ३,८०,००० वर्षांचें असतां जो प्रकाश मोकळा झाला, तो आजही चहूंकडून सूक्ष्म लहरींच्या रूपानें आपल्यापर्यंत येत आहे. त्यांतील बारीक चढउतार प्रथम 'कोबे' या अमेरिकन उपग्रहाच्या साह्यानें १९९२ सालीं उघडकीस आले, आणि पुढें २००९ पासून २०१३ पर्यंत 'प्लांक' या युरोपीय उपग्रहानें त्यांची फार बारकाईनें मोजणी केली. त्यावरून असें ठरलें कीं त्या वेळचें विश्व जवळजवळ एकसारखें होतें; एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं फरक काय तो लाखांत एका भागाचा. शंभर मीटर खोल तलावाच्या पाण्यावर एक मिलिमीटर उंचीची लहर उठावी, तेवढाच तो खडबडीतपणा. हेंच आपलें मुद्दल.

त्या मुद्दलावर व्याज कोणत्या दरानें चढतें? जेथें द्रव्य किंचित् अधिक तेथें ओढ किंचित् अधिक. ओढ अधिक म्हणून आणखी द्रव्य येतें, आणि तें आलें म्हणून ओढ आणखी वाढते. हें उघडच चक्रवाढ व्याज झालें. इंग्लंडांतील जेम्स जीन्स यानें १९०२ सालीं स्थिर अवकाशांतील वायूचा असा हिशेब मांडला, तेव्हां वाढ खरोखरच चक्रवाढीची निघाली. परंतु विश्व स्थिर नाहीं. रशियांतील येव्गेनी लिफ्शिट्झ यानें १९४६ सालीं प्रसरण पावणाऱ्या विश्वांतील वाढीचें गणित केलें, आणि त्यावरून दिसून आलें कीं प्रसरण हें या व्याजाला सतत कात्री लावीत असतें. गांठ द्रव्य जमविते, प्रसरण तें पांगवूं पाहतें. या ओढाताणींत चक्रवाढीचा झपाटा ओसरतो, आणि विश्व दुप्पट झालें तर गांठीचा उठावही दुप्पट व्हावा, इतकाच काय तो दर उरतो.

आतां वाचकांनीं स्वतःच हिशेब करून पाहावा. त्या आद्य प्रकाशाच्या काळापासून आजवर विश्व सुमारें १,१०० पट प्रसरण पावलें आहे. एक लक्षांश फरकाला १,१०० नें गुणिलें तर उत्तर येतें सुमारें एक शतांश. म्हणजे आज विश्वांत ठिकाणाठिकाणांत शेंकडा एक एवढाच फरक असावयास पाहिजे होता; ना दीर्घिका, ना तारे, ना हा अंक वाचणारें कुटुंब. प्रत्यक्षांत आपल्या सूर्याच्या आसपासचें द्रव्य विश्वाच्या सरासरीहून लाखों पट दाट आहे. वही जुळत नाहीं, आणि तफावत थोडीथोडकी नव्हे.

अशा वेळीं कोणताही अनुभवी कारकून म्हणेल कीं खात्यावर न दाखविलेलें मुद्दल कोठें तरी आहे. खगोलशास्त्रज्ञांनीं तोच निष्कर्ष काढला. १९३३ सालींच फ्रिट्झ झ्विकी यानें कोमा नांवाच्या समूहांतील दीर्घिकांच्या वेगावरून सांगितलें होतें कीं तेथें दिसणाऱ्या द्रव्याहून न दिसणारें द्रव्य पुष्कळ अधिक असलें पाहिजे. तेंच हें कृष्णद्रव्य. साधें द्रव्य आरंभीं प्रकाशाशीं जखडलेलें होतें आणि प्रकाशाचा दाब त्याला गोळा होऊं देईना. कृष्णद्रव्याला प्रकाशाचें बंधन नव्हतें. त्यानें आपले खड्डे आधींच खणावयास घेतले होते. प्रकाश मोकळा झाला तेव्हां साधें द्रव्यही सुटलें आणि या तयार खड्ड्यांत जाऊन पडलें. आपण सर्व त्या खड्ड्यांच्या तळाशीं राहतों.

जमेची बाजू झाली, आतां खर्चाची. १९९८ सालीं दूरच्या स्फोट पावलेल्या ताऱ्यांवरून दोन स्वतंत्र तुकड्यांनीं दाखविलें कीं विश्वाचें प्रसरण मंदावत नसून उलट वाढत्या वेगानें चाललें आहे. याचें जें कारण असेल त्याला कृष्ण ऊर्जा असें नांव दिलेलें आहे. नांव मोठें आहे, पण त्यामागील वस्तु अद्याप कोणाच्या हातीं लागलेली नाहीं. गेल्या पांचसहाशें कोटि वर्षांत तिचा अंमल चढत गेला आणि गांठींची वाढ मंदावली. पूर्वीं विश्व शेंकडा एक फुगलें कीं गांठीचा उठाव शेंकडा एक वाढे. आज तेवढ्याच प्रसरणांत तो शेंकडा अर्ध्याहून थोडासा अधिक वाढतो. हा जो दर, तोच मोजावयाचा आहे. आइन्स्टाइनचा सिद्धांत आणि कृष्ण ऊर्जेचें प्रमाण हीं दोन गृहीत धरलीं म्हणजे कोणत्या काळीं दर किती असावा तें गणितानें निघतें. मोजलेला दर निराळा निघाला तर दोन गृहीतांपैकीं एक तरी सोडावें लागेल.

एखादी गांठ घेऊन ती वाढतांना पाहत बसावें म्हटलें तर लाख वर्षें पाहूनही फरक दिसावयाचा नाहीं. येथें प्रकाशाचा संथपणा उपयोगीं पडतो. आगबोटींच्या काळीं मोठ्या कुटुंबांत एकाच दिवशीं तीन पत्रें येत: एक मुंबईहून कालचें, एक काशीहून चारपांच दिवसांपूर्वींचें, आणि एक विलायतेंत शिकत असलेल्या चिरंजिवांचें तीन आठवड्यांपूर्वींचें. तिन्ही आज वाचलीं तरी खबर तीन निरनिराळ्या दिवसांची. आकाशांतून येणारी डाक अशीच आहे. जितकी दीर्घिका दूर तितकी तिची खबर जुनी. म्हणून जवळच्या, मधल्या आणि दूरच्या दीर्घिका वेगवेगळ्या मांडल्या कीं विश्वाच्या इतिहासाचे थर एकाखालीं एक उघडे पडतात. मात्र पत्रें दहावीस वाचून भागत नाहीं. लाखों वाचावीं लागतात.

हें वाचन प्रथम फार सावकाश चाले. दुर्बिणीनें एक दीर्घिका धरावयाची, तिचा प्रकाश वर्णपटांत पसरावयाचा, आणि वर्णपटांतील ओळखीच्या रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या तें पाहावयाचें. या सरकण्याला ताम्रसृति म्हणतात. दूर जाणाऱ्या आगगाडीची शिटी उतरल्या सुरांत ऐकूं येते, तसा दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्याकडे झुकतो. १९२९ सालीं एडविन हबल यानें दाखविलें कीं दीर्घिका जितकी दूर तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक. तेव्हां ताम्रसृति मोजली कीं अंतराचा अदमास आला. याच रीतीनें १९८६ सालीं व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर व जॉन हुक्रा या तिघांनीं अमेरिकेंत आकाशाच्या एका अरुंद पट्टींतील सुमारें १,१०० दीर्घिकांचा नकाशा प्रसिद्ध केला. (तिघांत दोघी स्त्रिया होत्या, हें आमच्या भगिनीवाचकांनीं ध्यानांत घ्यावें.) नकाशांत दीर्घिका मुठीनें उधळलेल्या अक्षतांसारख्या पसरलेल्या नव्हत्या. फेंसांतील बुडबुड्यांच्या पडद्यांवर बसाव्या तशा त्या प्रचंड पोकळ्यांच्या कडांवर बसल्या होत्या, आणि मधोमध, लहान मुलें पाटीवर काढतात तशी, हातपाय फांकलेल्या माणसाची आकृति उमटली होती.

पुढें वेग वाढला तो कांचतंतूंमुळें. दुर्बिणीच्या प्रतिमेंत जेथें जेथें दीर्घिका पडते तेथें तेथें बारीक कांचतंतूचें टोंक बसविलें म्हणजे एका वेळीं शेंकडों दीर्घिकांचे वर्णपट मिळतात. ऑस्ट्रेलियांतील सायडिंग स्प्रिंग येथें १९९७ पासून २००२ पर्यंत चाललेल्या सर्वेक्षणांत असे ४०० तंतू होते, आणि दोन लाखांहून अधिक दीर्घिका त्यानें मोजल्या. न्यू मेक्सिकोंतील 'स्लोन' सर्वेक्षणाची तऱ्हा आणखी निराळी. तेथें आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठीं अल्युमिनियमची एक स्वतंत्र मोठी थाळी, आणि तींत दीर्घिकांच्या जागीं पाडलेलीं शेंकडों भोंकें. दिवसा माणसांनीं हातानें एकेका भोंकांत तंतू खोंवावयाचा आणि रात्रीं ती थाळी दुर्बिणीला लावावयाची. आरंभीं ६४० तंतू, पुढें १,०००. आणि हें काम एक दोन दिवस नव्हे, कित्येक वर्षें चाललें. विश्वाच्या इतिहासाचा पुरावा इतक्या घरगुती कामांतून गोळा झाला आहे, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. आज ॲरिझोनांतील किट पीक डोंगरावर चार मीटर व्यासाच्या मेयॉल दुर्बिणीला 'डेसी' नांवाचें उपकरण जोडलेलें आहे. त्यांत ५,००० तंतू असून प्रत्येकाला स्वतःचा चिमुकला यंत्रमानव आहे. थाळ्या नाहींत, खोंवणें नाहीं, दोनतीन मिनिटांत सर्व तंतू नव्या जागीं वळतात. २०२१ च्या मे महिन्यांत त्याचें मुख्य काम सुरू झालें, आणि मार्च २०२५ मध्यें नोंदींचा जो पहिला मोठा सांठा सर्वांस खुला झाला त्यांत १ कोटि ८७ लक्ष ज्योति आहेत.

'स्लोन'च्या नोंदीही सर्वांस खुल्या असल्यामुळें पुण्यास त्यांचा लाभ झाला. जयंत नारळीकर यांच्या पुढाकारानें १९८८ सालीं स्थापन झालेली 'आयुका' आणि पुण्यांतीलच 'आयसर' या संस्थांतील संशोधकांनीं, इतर सहकाऱ्यांसह, त्या नोंदींतून सुमारें ४०० कोटि प्रकाशवर्षांवरील एक प्रचंड महासमूह शोधून काढला आणि २०१७ सालीं तो 'सरस्वती' या नांवानें प्रसिद्ध केला. तो मीन राशीच्या दिशेस आहे. निदान ४३ दीर्घिकासमूह त्यांत मोडतात, त्याचा विस्तार सुमारें ६० कोटि प्रकाशवर्षें आहे, आणि त्याचें वस्तुमान दोनावर सोळा शून्यें इतक्या सूर्यांएवढें भरतें. चारशें कोटि वर्षांपूर्वीं, कृष्ण ऊर्जेचा अंमल बसूं लागलेला असतां, एवढी मोठी गांठ तयार होती, ही गोष्ट वाढीच्या गणिताला विचार करावयास लावणारी खरी. तथापि एका गांठीवरून दर ठरत नाहीं. गांवांत एक मनुष्य साडेसहा फूट उंच निघाला म्हणून गांवाची सरासरी उंची कळत नाहीं.

मग दर ठरतो कशावरून? या प्रश्नाच्या उत्तरांत जी युक्ति आहे ती आम्हांस या साऱ्या प्रकरणांत सर्वांत मनोहर वाटते. वर सांगितलें कीं ताम्रसृतीवरून अंतर काढितात. तें अंतर पुरतें खरें नसतें. दीर्घिकेचा वेग दोन प्रकारचा असतो: एक प्रसरणाचा, आणि दुसरा तिचा स्वतःचा, शेजारच्या गांठीकडे ओढली जात असल्याचा. वर्णपटांत दोन्ही मिसळून येतात. एखाद्या मोठ्या गांठीच्या अलीकडच्या बाजूची दीर्घिका गांठीकडे, म्हणजे आपल्यापासून दूर, पडत असते; तिचा वेग जास्त भरतो आणि नकाशांत ती खऱ्याहून दूर मांडली जाते. पलीकडच्या बाजूची दीर्घिका गांठीकडे, म्हणजे आपल्या दिशेस, पडत असते. ती खऱ्याहून जवळ मांडली जाते. दोन्ही बाजू अशा आंत सरकल्या कीं वाटोळी गांठ आपल्या दृष्टिरेषेंत चेपली जाऊन, लाडवावर तळहात दाबावा तशी, चपटी दिसते. एखादी गांठ मुळांतच चपटी असूं शकेल. परंतु सर्व दिशांतील असंख्य गांठी नेमक्या आपल्याकडे तोंड करून चपट्या असाव्या, इतकें महत्त्व विश्वांत आपल्याला खास नाहीं. तेव्हां सरासरी काढून जो चपटेपणा उरतो तो आकाराचा नसून वेगाचा असतो.

निक कायझर या इंग्रज शास्त्रज्ञानें १९८७ सालीं या चपटेपणाचें गणित बसविलें. ज्याला नकाशाचा दोष म्हणून लोक पुसून टाकूं पाहत होते, त्यांतच त्यानें हवा असलेला दर दाखवून दिला. चपटेपणा जितका अधिक तितका गांठीकडे वाहणारा ओघ जोराचा, आणि ओघ कळला कीं वाढ कळली. तलावाची पातळी चढतांना डोळ्यांस दिसत नसली तर त्याला मिळणाऱ्या ओढ्यांचें पाणी मोजावें, तसेंच हें. २००१ सालीं ऑस्ट्रेलियांतील सर्वेक्षणाच्या नोंदींत हा चपटेपणा स्पष्टपणें मोजून दाखविण्यांत आला, आणि तेव्हांपासून प्रत्येक मोठ्या सर्वेक्षणाचें तें एक नेमून दिलेलें कामच होऊन बसलें आहे.

याच नकाशांत एक उलट चमत्कारही दिसतो. समूहाच्या अगदीं आंत दीर्घिका माशांच्या थव्याप्रमाणें वाटेल त्या दिशेनें धांवत असतात. त्यांचे वेग एकमेकांत इतके भिन्न कीं तेथें समूह चपटा न दिसतां दृष्टिरेषेंत लांबलचक ताणलेला दिसतो, आणि नकाशांतील अशा सर्व रेघा आपल्याकडे रोखलेल्या असतात. खगोलशास्त्रज्ञ एरव्हीं देवाचें नांव सहसा घेत नाहींत, पण या रेघांना त्यांनीं 'ईश्वराचीं बोटें' असें म्हटलें आहे. हीं बोटें आपल्यालाच उद्देशून आहेत असा कोणीं समज करून घेऊं नये. दुसऱ्या दीर्घिकेंत बसून कोणीं नकाशा काढला तर तीं त्याच्याकडे रोखलेलीं दिसतील.

एवढें करूनही एक अडचण उरते. सर्वेक्षणें दीर्घिका मोजतात, द्रव्य मोजीत नाहींत. दिवाळीच्या रात्रीं गडावरून खालीं पाहिलें तर दिव्यांवरून गांवें कळतात. पण दिवे पुष्कळ म्हणून माणसेंही तितक्याच पटीनें पुष्कळ, असें म्हणतां येत नाहीं. श्रीमंतांच्या वाड्यावर पणत्या अधिक, आणि माळावरच्या झोंपडींत कदाचित् एकही नाहीं. दीर्घिका या पणत्या होत. न दिसणारें द्रव्य तोलावयास दुसरी रीत लागते, आणि तीही आइन्स्टाइनच्याच सिद्धांतांतून निघालेली आहे. द्रव्याजवळून जातांना प्रकाशाचा मार्ग वांकतो. म्हणून दूरच्या दीर्घिकांच्या प्रतिमा मधल्या द्रव्यामुळें किंचित् ओढल्यासारख्या होतात. ही विकृति शेंकडा एकाच्या आसपासची. एका दीर्घिकेंत ती ओळखणें अशक्य, लाखोंच्या सरासरींत मात्र ती हातीं लागते. २००० सालीं चार स्वतंत्र तुकड्यांनीं ती पहिल्यानें पकडली.

आणि येथेंच गेल्या कांहीं वर्षांतील वादाला तोंड फुटलें. आजचें विश्व किती गुठळ्यांचें आहे हें सांगणारा एक आंकडा ज्योतिर्विद वापरतात. प्लांकनें मोजलेल्या मुद्दलावर आइन्स्टाइनच्या दरानें व्याज चढविलें तर तो ०·८३ यावा. चिलींतील पारानाल येथून चाललेल्या 'किड्स' या युरोपीय सर्वेक्षणानें सुमारें १,००० चौरस अंश आकाशांतील वांकलेल्या प्रकाशावरून २०२० सालीं तो मोजला, तों आला ०·७७. दुसऱ्या एका मोठ्या सर्वेक्षणाचा आंकडा २०२१ सालीं ०·७८ आला. शेंकडा सातआठची तूट. वाचकांस हें क्षुल्लक वाटेल, पण पेढीवरचा मुनीम जसा दहा आण्यांच्या फरकासाठीं रात्र जागवितो तशी या तुटीनें पुष्कळांची झोंप उडविली. कृष्णद्रव्य हळूहळू नाश पावत असेल काय? मोठ्या अंतरावर गुरुत्वाकर्षण थोडें दुबळें पडत असेल काय? सूचनांचा पाऊस पडला.

किड्सच्या मंडळींची एक रीत आम्हांस विशेष अनुकरणीय वाटते. त्यांनीं दीर्घिकांच्या आकारांची यादी तीन प्रतींत ठेविली होती; एक खरी, दोन मुद्दाम बदललेल्या. खरी कोणती हें हिशेब करणाऱ्यांसच ठाऊक नसे. सर्व हिशेब तिन्ही प्रतींवर पुरा झाल्यावर मगच खरी प्रत उघड करावयाची. हवें तें उत्तर येईपर्यंत दुरुस्त्या करीत राहावयाचें आणि तें आलें कीं थांबावयाचें, हा मोह विद्वानांनाही होतो. त्यावर हा बंदोबस्त.

मार्च २०२५ मध्यें किड्सचा अखेरचा हिशेब बाहेर पडला. आकाशाचा पट्टा वाढून १,३४७ चौरस अंश झाला होता. या सर्वेक्षणांत दीर्घिकांचीं अंतरें वर्णपटावरून न काढतां त्यांच्या रंगांवरून अदमासलेलीं असतात. तो अदमास या खेपेस पुष्कळ अधिक वर्णपटांशीं ताडून नीट केला होता. नवा आंकडा आला ०·८१५. म्हणजे प्लांकशीं मेळ बसला. तूट होती ती बव्हंशीं अंतरांच्या अदमासांत आणि नशिबाच्या चढउतारांत होती. इतर कांहीं सर्वेक्षणांचे आंकडे अजून थोडे खालच्या अंगास आहेत, म्हणून प्रकरण कायमचें मिटलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या तुटीच्या बळावर ज्यांनीं आइन्स्टाइनला पेन्शनींत काढण्याची तयारी चालविली होती, त्यांना तूर्त थांबावें लागेल. नोव्हेंबर २०२४ मध्यें 'डेसी'च्या मंडळींनींही सुमारें ६० लक्ष दीर्घिका व क्वेसार यांच्या नोंदींवरून गेल्या १,१०० कोटि वर्षांतील वाढीचा हिशेब प्रसिद्ध केला, तो आइन्स्टाइनच्या नियमाशीं जुळणाराच होता.

तेवढ्यानें वही बंद झाली असें नाहीं, कारण त्याच 'डेसी'नें दुसऱ्या पानावर प्रश्नचिन्ह काढून ठेविलें आहे. दीर्घिकांच्या मांडणींत आद्य काळच्या ध्वनिलहरींची जी ठराविक मापाची खूण राहिली आहे, तिच्यावरून विश्व कोणत्या काळीं किती वेगानें फुगत होतें तें मोजतां येतें. मार्च २०२५ मधील या मोजणीवरून, तिला प्लांकचा व स्फोटक ताऱ्यांचा पुरावा जोडला असतां, असा संशय येतो कीं कृष्ण ऊर्जा कायम नसून हल्लीं किंचित् ओसरत आहे. पदार्थविज्ञानांत शोध जाहीर करावयास ज्या मापानें पांचाची खात्री लागते, त्या मापानें ही खात्री, कोणते तारे जमेस धरले त्याप्रमाणें, २·८ पासून ४·२ पर्यंत भरते. संशयाला पुरेशी, निकालाला अपुरी.

गांठींच्या वाढीचें महत्त्व येथें दुणावतें. प्रसरणाचें पान आणि वाढीचें पान हीं एकाच वहीचीं असलीं तरी स्वतंत्र हातांनीं लिहिलीं जातात. कृष्ण ऊर्जा खरोखरच ओसरत असेल आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम शाबूत असेल, तर प्रसरणाच्या पानावरून वाढीचें पान आधींच लिहून दाखवितां आलें पाहिजे आणि मोजणी त्याशीं जुळली पाहिजे. दोष नियमांतच असेल तर प्रसरण एक सांगेल आणि वाढ दुसरें. म्हणून एकट्या प्रसरणावर विसंबून कृष्ण ऊर्जेला दोषी ठरविण्याची घाई आम्हांस पसंत नाहीं. दुसऱ्या साक्षीदाराची जबानी पुरती झालेली नाहीं.

ती जबानी घेण्याची तयारी मात्र जोरांत आहे. १ जुलै २०२३ रोजीं युरोपीय लोकांनीं 'युक्लिड' ही अवकाश-दुर्बीण सोडली. सहा वर्षांच्या नेमलेल्या कामांत ती चपटेपणा आणि प्रकाशाचें वांकणें हीं दोन्ही मापें घेणार आहे. चिलींत सेरो पाचोन येथें ८·४ मीटर व्यासाच्या आरशाची नवी वेधशाळा उभी राहिली असून, दीर्घिकांच्या फिरण्यावरून कृष्णद्रव्याचा पुरावा देणाऱ्या व्हेरा रुबिन या विदुषीचें नांव तिला दिलेलें आहे. तिचीं पहिलीं छायाचित्रें जून २०२५ मध्यें प्रसिद्ध झालीं. दहा वर्षें ती दक्षिणेकडील सारें आकाश पुनःपुन्हा टिपीत राहील. या दोघींच्या वह्यांतून वाढीच्या दराचा आंकडा हातीं आला म्हणजे तो वरच्या ०·८३ शीं आणि 'डेसी'च्या संशयाशीं ताडून याच सदरांत वाचकांपुढें मांडूं.